नमुना क्रमांक तेरा

सोमवारी आणि गुरुवारी पहाटे साडेपाचला
मी आयसीयूत शिरते.
ट्रेमध्ये बारा नळ्या, बारा काड्या, एक मार्कर.
ज्या गावाचं नाव, म्हणतात, एका कापलेल्या नाकावरून पडलं
त्या गावात माझी नोकरी ही :
लोकांच्या नाकात नाक खुपसणं.
आई पाहुण्यांना असंच सांगते
आणि मला म्हणते, आधी हात धू, मग चहा.

इथं खोकत कुणीच आलेलं नाही.
एक नंबरला हृदय. तीनला साखर.
सहाला कसारा घाटातलं एक वळण.
तरी सगळ्यांचं घ्यायचं, लक्षण असो नसो.
"फ्लू कसला शोधताय? पप्पांना अटॅक आलाय,"
दाराशी मुलगा म्हणतो.
म्हणून तर, म्हणते मी,
आणि पुढचं वाक्य मला आजवर नीट जमलेलं नाही.

चार नंबर, यशवंत गांगुर्डे.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
नोटांचे ताव उजेडात धरून डाग शोधला.
बायको सांगते, नाकासमोर चालणारा माणूस.
काडी आत जाते तेव्हा
त्यांचा अंगठा तर्जनीवर घासत राहतो,
मोजणी अजून संपलेली नाही.

आठ नंबर, शेवंता भोये, सुरगाण्याकडची.
घशात नळी आहे, म्हणून तिचं नाक सोडायचं,
छातीतलं ओढून घ्यायचं.
मी कानाशी वाकून सांगते, ताई, ठसका लागेल.
लागतो. डोळ्यांच्या कडांतून पाणी गळतं.
तिनं ऐकलं का,
याचा रकाना फाइलमध्ये नाही.

बाकी सगळ्यांना एकच वाक्य, सात वर्षं :
"गुदगुल्या होतील फक्त."

बाहेर सोपान बाइक चालूच ठेवून उभा असतो.
निफाडहून येतो, स्वेटरला शेकोटीचा धूर,
रात्रभर बागेत द्राक्षांना ऊब देत बसलेला.
बर्फाच्या पेटीवर टिचकी मारतो,
"पाच डिग्रीत बर्फ कशाला, मॅडम?"

गेल्या गुरुवारचा निकाल : चार, पाच, आठ.
तिघं. तिघंही आत येऊन दहा दिवस झालेले.
म्हणजे त्यांनी तो आणलेला नव्हता.

सोनांबेकर मॅडम काही बोलल्या नाहीत.
कागद खाली ठेवला आणि आमच्याकडे बघितलं,
दोन सिस्टर, एक्सरेवाला निसार, मी,
आणि बादलीपाशी पुष्पामावशी.

मंगळवारी मावशी मास्कच्या आत खोकला गिळत होत्या.
मला ऐकू आलं होतं.
कंत्राटी माणूस, एक खाडा म्हणजे एका दिवसाचे पैसे.
मी खिशातली आल्याची वडी दिली.
त्यांनी मास्क खाली ओढून ती तोंडात टाकली
आणि आम्ही दोघी हसलो,
पाच नंबरच्या पायथ्याशी उभ्या राहून.

शनिवारपासून माझाही घसा खवखवतोय.
की मंगळवारच्या आधीपासूनच?
आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करते
तेव्हा फक्त आल्याची चव येते.

आज ट्रेमध्ये नळ्या जास्त आहेत.
बारा झाल्या. तेरावीवर माझं नाव,
सुलभा दोंदे, वय एकेचाळीस,
बेड नंबर : एक आडवी रेघ.
कपडे बदलायच्या खोलीत, डाग पडलेल्या आरशासमोर
मी मान मागे टाकते.

गुदगुल्या नाहीत.
डोळ्यांच्या मागे कुठंतरी
कुणी काडेपेटी ओढल्यासारखं होतं.
हे मी रोज बारा जणांना करते.
ज्यांना हात उचलून माझा हात ढकलता येत नाही
अशा बारा जणांना.

नाक पुसत वळते तर दारात मावशी,
फडकं खांद्यावर, तोंड भिंतीकडे.
"आता माझं?"

"दुखेल, मावशी. बऱ्यापैकी दुखेल."

"दुखू दे गं," त्या स्टुलावर बसतात,
"पैसे कापतील का, तेवढं विचार."